साडेनऊ मिनिटांचा शेरा

डाव्या अंगठ्याने तिने फोनवरचा लाल गोल दाबला आणि फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला. "तुझा निबंध वाचला," ती म्हणाली आणि अडली. भिंतीशी बोलल्यासारखं वाटत होतं. ते पुसून तिने पुन्हा सुरुवात केली.

पायरीवरून घसरण्याचं निमित्त झालं आणि ऐन तपासणीच्या दिवसांत समाजशास्त्राच्या या प्राध्यापिकेचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. विद्यार्थी पाठीमागे तिला 'लालशाई' म्हणत. 'संदर्भ?', 'मोघम', 'पुन्हा पाहा' असे तिचे शेरे समासभर पसरलेले असत.

"लिहिता येत नाही तर बोलून पाठवा," विभागप्रमुख म्हणाले होते. "तोंड तर शाबूत आहे ना?"

पहिल्या चार फाईली कशाबशा झाल्या. पाचवा निबंध घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांवर होता. लिहिणारी मुलगी मागच्या बाकावर बसायची, वर्षभरात वर्गात एकदाही बोलली नव्हती. एरवी 'मोघम' लिहून पान उलटलं असतं. बोलताना ते जमेना. कुठे मोघम, का मोघम, सगळं सांगावं लागलं. मग हेही सांगावंसं वाटलं, की काजं करणाऱ्या बाईच्या बोटांबद्दलचा परिच्छेद वाचताना समोरचा चहा निवून गेला. ती थांबली तेव्हा साडेनऊ मिनिटं झाली होती.

फाईल पाठवून तिने टेबलावरचे कागद चाळले, तर त्यात त्याच मुलीचा अर्ज. घरच्या अडचणीमुळे नाव काढून घेत आहे, सही व्हावी. डाव्या हाताने सही होत नाही, हे कारण तिला त्या दिवशी बरं वाटलं. अर्ज तिने ड्रॉवरमध्ये सरकवला.

चार दिवसांनी मुलगी दारात उभी.

"अर्जासाठी आलीस?"

"हो मॅडम."

"सही अजून राहिलीय."

"राहू द्या. परत घ्यायचा होता."

प्राध्यापिकेने खुर्ची दाखवली. मुलगी खुर्चीच्या कडेला टेकली.

"आई शिवणकाम करते. एकटीने उरकत नाही, म्हणून म्हणत होती, शिक्षण पुरे आता, माझ्या हाताखाली ये. त्या दिवशी इअरफोन बिघडले होते, तर तुमची फाईल तशीच लावली. मिनिटभराची असेल म्हटलं. आईने मशीन थांबवलं."

"रागावल्या?"

"नाही. संपल्यावर म्हणाली, पुन्हा लाव." मुलीने हसू दाबलं. "मग विचारते, या बाई आपल्या कोण लागतात? म्हटलं, कोणी नाही, शिकवतात. तर म्हणाली, कोणी नसून एवढा वेळ बोलल्या?"

प्राध्यापिकेने अर्ज काढून तिच्या हातात दिला. मुलीने त्याची चौघडी घातली, पण उठली नाही.

"आणखी एक म्हणाली ती. सांगू का?"

"सांग की."

"बारा तास शिवतात याला पुरावा काय, असं विचारलं होतंत ना तुम्ही. आई म्हणाली, पुरावा हवाय तर म्हणावं, एक दिवस येऊन बसा माझ्याशेजारी."

प्राध्यापिका इतकी हसली की मनगटात कळ आली.

"बरोबरच आहे त्यांचं. आता तूच बस. घड्याळ लाव, तारीख घाल, आणि जे दिसेल ते लिही. आणखी चार घरी जा. पाच घरं झाली की तो तुझा नमुना."

मुलगी मान डोलावून गेली.

प्लॅस्टर निघालं. मनगट आधी कुरकुरलं, मग लिहू लागलं. दुरुस्त निबंध आला त्या दुपारी तिने पेनाचं टोपण उघडलं, पहिलं पान वाचलं आणि टोपण लावून टाकलं. फोन पुस्तकांना टेकवला.

"पाच घरांचा नमुना चांगला निवडला आहेस," ती म्हणाली. जराशी थांबली. "नमुना म्हणजे इथे शिवणातला नव्हे बरं. शितावरून भाताची परीक्षा करतो, त्यातली ही शितं. सगळ्या घरी जाता येत नाही, म्हणून थोडी घरं नीट निवडून घ्यायची."

मुलीला हे पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. परीक्षेत तिने ते बिनचूक लिहिलं होतं. तरी प्राध्यापिकेने ते सावकाश सांगितलं, आणि शेजारी मशीन चालू असलं तरी ऐकू जाईल इतपत मोठ्याने.