पहिली ओळ

“हिवराळे, बारा वाजेपर्यंत तो डबा भिंतीवरून खाली पाहिजे,” काकासाहेब दारातूनच म्हणाले. रुग्णालयाचे व्यवस्थापक ते. आत यायचं त्यांना कारण वाटलं नाही. “कंपनीच्या मॅडम म्हणतात, अडथळा त्याचाच आहे.”

मॅडम म्हणजे श्रेया. सकाळीच पुण्याहून आलेली. तिनं तसं म्हटलं होतं खरं.

डबा म्हणजे प्रॉक्सी. रक्तपेढीतल्या कुठल्याही संगणकाला बाहेर काही मागायचं झालं, तर मागणी आधी ह्याच्याकडे. हा बघणार, नोंदवणार, मग पुढं धाडणार. रक्तदात्यांची नावं, आजार, सगळं ह्याच्या आडोशाला. राजकुमार हिवराळे अठरा वर्षं त्याला सांभाळत होते. आणि कालपासून श्रेयाचा नवा प्रोग्राम रक्ताचा साठा जिल्ह्याच्या केंद्राला कळवतच नव्हता.

पलीकडं मेघा, इथली तंत्रज्ञ. जिल्हा केंद्राला फोनवर साठा तोंडी सांगत.

“ओ निगेटिव्ह दोन. नाय, दोनच. लिहून घ्या ना दादा, केंद्रात कागद मिळत नाय का?”

“काका, पुण्यात हाच प्रोग्राम नीट चालतो,” श्रेया राजकुमारना म्हणाली. “आणि माझं प्रोबेशन चालू आहे अजून. परत जाऊन काय सांगू?”

“पुण्यात चालणारच. तिथं मधी कुणी नाय.” राजकुमारनी चष्मा कपाळावर चढवला. “ब्राउझरमधून केंद्राचं पान उघडा बरं. ह्याच डब्यातून.”

उघडलं.

“आता दोघं डब्याला पहिल्या ओळीत काय म्हणतात ते वाचू.”

ब्राउझर म्हणत होता:

द्या — जिल्हा केंद्र, तिरपी रेघ, साठा.

श्रेयाचा प्रोग्राम मागत नव्हता, कळवत होता; तो म्हणत होता:

घ्या — तिरपी रेघ, साठा.

“पण केंद्राचं नाव आहे की! खाली, होस्टच्या ओळीत.”

“हाय ना. पण डबा पहिल्या ओळीवर चालतो. आपणच दारात उभं राहिलो, तर घर कुणाचं ते सांगावं लागत नाय. दुसऱ्याच्या हाती धाडायचं, तर समदा पत्ता पहिल्या ओळीत. नियमच हाय तसा. ब्राउझर ते आपसूक करतो. तुमचा…”



श्रेयाला पुढचं माहीत होतं. हे काम आपसूक करणारा तयार कोड तिनंच काढून टाकला होता. प्रोग्राम हलका व्हावा म्हणून. कौतुकही झालं होतं त्याबद्दल.

तिनं बदल केला. मध्ये प्रॉक्सी असेल तर पूर्ण पत्ता, नसेल तर अर्धा. चार ओळी.

“व्हय? दिसतंय?” मेघा फोनवर. “मग ठेवा आता, लई पिडलं तुम्ही मला.”

बाराला काकासाहेब आले. “झालं ना सुरू? डबा काढल्यावर?”

“काढला नाय साहेब. दोघांचं जरा जुळत नव्हतं. जुळलं.”

“आज जुळलं, उद्या पुन्हा अडेल. काढून टाका.”

“जी.”

राजकुमारनी पेचकस उचलला. श्रेयाकडं पाहिलंसुद्धा नाही. एक वाक्य बोलले असते तर अठरा वर्षं भिंतीवर राहिली असती. ते वाक्य तिच्या नोकरीवर बेतणार, म्हणून हा माणूस ते बोलणार नव्हता. पहिला स्क्रू फिरू लागला.

“चूक माझी होती, सर,” श्रेया म्हणाली. “माझा प्रोग्राम अर्धा पत्ता देत होता. डबा बरोबर होता. हिवराळेकाकांनी शोधलं.”

काकासाहेबांनी तिला नीट पाहून घेतलं. “राहू द्या मग तो. पण तुमच्या साहेबांना आत्ता फोन लावा. हे त्यांना तुम्हीच सांगा. माझ्यासमोर नको.”

ती व्हरांड्यात गेली. फोन लागला. “हो सर. नाही सर, मीच.” बाकावर रक्ताच्या पिशव्यांसाठी आलेले नातेवाईक तिच्याकडं बघू लागले.

राजकुमार बाहेर आले. एक खुर्ची तिच्यामागं ठेवली. मग तिच्या आणि बाकाच्या मधोमध, तिच्याकडं पाठ करून, हात मागं बांधून उभे राहिले. फोन संपेपर्यंत.