घशाखालची चव

बिस्किटांच्या त्या कारखान्यात चव पाहायची खोली गोदामाच्या मागे होती. खोली म्हणायची ती सवयीने. खरं तर ओळीने मांडलेले लाकडी कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, समोर फळी, फळीवर कोमट पाण्याचा पेला आणि थुंकायचा डबा. बिस्किटाचा रंग बघून मत बनू नये म्हणून डोक्यावर लाल दिवा. समोरची झडप वर जायची, बशी आत यायची, झडप खाली. चव घ्यायची आणि बटण दाबायचं. उजवं म्हणजे पास, डावं म्हणजे नापास.

ताई तिथली सगळ्यात जुनी. तिच्या कप्प्याची एक भिंत सुताराने बाहेर सरकवून दिली होती, कारण एकदा ती खुर्ची आणि फळीच्या मध्ये अडकून बसली होती. त्याबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढला नाही, आणि तिला तेच जास्त लागलं होतं.

चव घेऊन थुंकायचं, असा नियम होता. ताई मात्र गिळायची. खवट तेल जिभेवर गप्प बसतं, घशाखाली उतरलं की बोलतं, असं ती नव्या माणसांना सांगायची. साहेब काणाडोळा करायचे. तिने पास केलेला माल आजवर परत आला नव्हता.

या आठवड्यात ती थुंकत होती.

कारण घरी होतं. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा. मास्कचं यंत्र आणून झालं, पण गुदमरल्यासारखं वाटून ती ते झोपेतच ओढून काढायची. तिचा नवरा शहर बसचा ड्रायव्हर. तो म्हणायचा, "तू घोरत असतेस तोवर मी निवांत. थांबलीस की माझी झोप उडते." ती हसायची. मग एक दिवस त्याने बूट काढता काढता सांगितलं, "आज सिग्नलला डोळा लागला माझा. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा जाग आली. अख्खी बस हसली." तो स्वतःही हसला. ती मात्र हसली नाही. पोट लहान करायच्या ऑपरेशनचं इतके दिवस नुसतं बोलणं चाललं होतं, त्याला तिने दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं.

सर्जनने कागदावर पेनने पोट काढून दाखवलं. "यकृत असं पोटावर पांघरुणासारखं पडलेलं असतं. ते उचलल्याशिवाय मला हात घालता येत नाही. तुमचं फार मोठं झालंय. म्हणून ऑपरेशनपर्यंत फक्त पातळ. घास म्हणून एक नाही. आत गेल्यावर ते तसंच दिसलं, तर टाके घालून मी हात हलवत परत येईन."

आहारतज्ज्ञ बाईंनी पुढचं सांगितलं. "नंतर गोड, तेलकट फारसं सोसणार नाही. काहींची चवसुद्धा बदलते."

"कोणाची?"

"ते आधी सांगता येत नाही हो."

ताईने कामावर कोणाला काही सांगितलं नाही. जिची चव बदलू शकते तिला या खुर्चीत कोण ठेवील? गरगरत असली तरी ती रोज येत होती, चावत होती, थुंकत होती. तोंडातून काही खाली जाणार नाही याची इतकी काळजी घेत होती, की त्यामुळे दुसरं काय निसटतंय ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दुपारी ती गोदामात खोक्यांच्या आडोशाला बसून पातळ सूप पीत होती, तेव्हा शेजारच्या कप्प्यातला शंकासूर तिला शोधत आला. खरं नाव सगळे विसरले होते. तो एकही माल धड पास करत नसे, म्हणून त्याच्या डाव्या बटणाला कोणी विचारत नसे.

"ताई, सकाळचा क्रीमचा लॉट तुम्ही पास केलात?"

"केला."

"खरंच?"

"तुला काय वाटलं?"

"मला काय वाटायचं! मला पाणीसुद्धा खवट लागतं, असं साहेब म्हणतात." तो घुटमळला. "पण हा अजून घशाशी आहे माझ्या. तुमचंच ऐकून हल्ली गिळून बघतो मी."

ताई सूप तिथेच ठेवून उठली.

ती कप्प्यात गेली आणि त्याच लॉटची बशी मागवली. झडप वर गेली, खाली आली. तिने तुकडा तोंडात घेतला. सगळं तोंड पाण्याने भरून आलं. लोणी, साखर, भाजलेलं पीठ. सगळं इतकं सुंदर लागलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खवटपणा कुठेच नव्हता. एक आवंढा, आणि खरं काय ते कळलं असतं. पण गिळावंसं वाटतंय ते कामासाठी की पोटात आग पडलीय म्हणून, हे तिला ओळखता येईना. आणि भुकेल्या जिभेचा भरवसा नाही, तिला सगळंच गोड, हेही तिनेच नव्यांना शिकवलं होतं. म्हणजे थुंकून उपयोग नव्हता, आणि गिळूनही नव्हता. सरकवलेली भिंत परत जवळ आल्यासारखी वाटली. तिने तुकडा डब्यात थुंकला आणि बशी घेऊन तडक साहेबांकडे गेली.

"क्रीमचा लॉट थांबवा. आणि या आठवड्यात मी पास केलेलं सगळं परत तपासून घ्या."

"काय झालं?"

तिने सांगितलं. ऐकून साहेब उठले. त्यांनी स्वतः दार लावलं.

"ताई, तुम्हाला घाबरवत नाही. पण ऑपरेशन काय, दोन-तीन महिन्यांनी केलं तर चालतं की. आज पोटभर जेवा, उद्या सगळे लॉट तुम्हीच तपासा. ही गोष्ट या खोलीतून बाहेर जाणार नाही. तुमची जागा तुमचीच."

"आणि ऑपरेशन केलं तर?"

"तर नंतर बघू." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "नंतर तुमची चव तीच राहील ना?"

"माहीत नाही."

"मग मी तरी काय शब्द देणार?"

साहेबांनी बशी तिच्यापुढे सरकवली. ते काही वाईट बोलत नव्हते. दोन-तीन महिने. तेवढे दिवस नवरा अंधारात तिचा श्वास ऐकत जागा राहणार, आणि सकाळी भरलेली बस चालवणार.

"तारीख हलणार नाही," ती म्हणाली. "शंकासूरला बोलवा."

शंकासूर आला तो भेदरलेलाच. ताईने बशी त्याच्यापुढे ठेवली. त्याने चावलं आणि गिळलं. साहेब त्याच्या गळ्याकडे बघत होते. ताईही बघत होती, आणि तिचं तोंड पुन्हा भरून येत होतं.

"खवट," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... मला वाटतं."

"वाटतं काय?" साहेब वैतागले.

"त्याला घाई करू नका," ताई म्हणाली. "पाणी पिऊ नकोस. थांब जरा. आता कुठे लागतंय? वर की खाली?"

त्याने गळ्याच्या खोबणीवर बोट ठेवलं. "इथे. वाढतंय."

"मग खवटच."

साहेबांनी फोन उचलून गाडी भरणं थांबवायला सांगितलं. शंकासूर ताईकडे वळला.

"तुम्ही एकदा बघा ना, ताई. माझ्या एकट्याच्या जिवावर नको."

"मला नाही कळणार," ताई म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "दुसरा लॉट घे."