निळ्या डब्यातली पुस्तकं

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत सुनंदा मॅडमच्या ग्रंथालयाइतकी स्वच्छ खोली दुसरी नव्हती. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, प्रत्येक कपाटाला कुलूप आणि दाराशी साबण. आधी हात धुवायचे, मॅडमना उलटसुलट करून दाखवायचे, मगच पुस्तक हाती. पानावर डाग पडला की आईला शाळेत बोलावणं आलंच म्हणून समजा. अकरा वर्षांत एक पान मळलं नव्हतं. कुणी वाचलंही नव्हतं, पण मॅडमसमोर हे बोलणार कोण?

शेवटी मुख्याध्यापक देवेंद्र सर बोलले. "सुनंदाजी, बच्चे तर इथं येतच नाहीत. या खोलीत स्मार्ट क्लास टाकू म्हणतो. शनिवारी बघायला येईन. मुलं दिसली तर ठीक, नाहीतर पुस्तकं पॅक. आणि ती जुनी फाटकी आहेत ना, ती आजच सूखा कचऱ्यात काढून टाका."

या खोलीवर मॅडमचा फार जीव होता. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सूचना दिली, रंगीत तक्ते लावले. मुलं ढिम्म. मग जड मनानं त्यांनी आपल्या आधीच्या ग्रंथपालांच्या, अप्पासाहेबांच्या काळातली फाटकी पुस्तकं व्हरांड्यातल्या निळ्या डब्यात टाकली. इंदूरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एवढी शांतता कशी, म्हणून मॅडम बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या. निळ्या डब्याभोवती दहा-बारा मुलं फतकल मारून बसली होती. मांडीवर पोह्यांचे डबे, हातात फाटकी पुस्तकं. सहावीतली शमिका पोह्यांवरचा जीरावन मसाला लागलेल्या बोटांनी खुशाल पानं उलटत होती.

"शमिका! हात धुतलेस?"

"मॅडम, ये तो कचरा है ना?" शमिका गोंधळली. "कचऱ्याला कशाला हात धुवायचे?"

आणि लगेच तिनं विचारलं, "मॅडम, याची लास्टची पानंच नाहीयेत. त्या मुलीचा हरवलेला घोडा मिळतो की नाही?"

अकरा वर्षांत मॅडमना असं कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या जवळजवळ धावतच आत गेल्या. त्याच पुस्तकाची कोरी प्रत कपाटात होती. गंजलेल्या कुलपाशी झटापट करून त्यांनी ती काढली आणि शमिकापुढे धरली.

शमिकानं झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. "नको मॅडम. माझे हात गंदे आहेत. मम्मीला बोलवाल."

मॅडमना आत्ता कळलं. पोरांना पुस्तकं नकोशी नव्हती, भीती वाटत होती ती आपली! लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून. त्या तिथंच फरशीवर बसल्या. शमिकाच्या डब्यातले चिमूटभर पोहे तोंडात टाकले, पुस्तकाचं खाकी कव्हर टराटरा फाडलं आणि पहिल्याच पानावर आपला पिवळा अंगठा उमटवला.

"घे. पहिला डाग माझा. आता वाच बिनधास्त."

त्या दुपारी सगळी कव्हरं निघाली, कपाटं उघडली. निळा डबा धुऊन पुसून आत आला आणि त्यात कोरी पुस्तकं पडली. फाटकी तर मुलांनी आधीच घरी पळवली होती.

शनिवारी देवेंद्र सर आले तर त्यांनाच बसायला जागा नव्हती. खिडकीत, टेबलाखाली, जिकडे तिकडे मुलं. शमिकानं वाचून डब्यात परत टाकलेलं पुस्तक त्यांनी उचललं आणि पहिल्या पानावरच थबकले.

"अरे, हा डाग कुणी पाडला?"

"मी, सर," सुनंदा मॅडम म्हणाल्या.

टेबलाखालून शमिकाचा आवाज आला, "सर, मॅडमच्या मम्मीला बुलवा!"

सगळी खोली खदखदून हसली. सर हसले आणि सगळ्यांत जास्त मॅडम. सरांनी हरवलेल्या घोड्याच्या त्या गोष्टीची दोन पानं उभ्याउभ्याच वाचली, मग पुस्तक काखेत मारलं. "स्मार्ट क्लाससाठी वरची खोली बघतो," ते दारातून म्हणाले. "आणि हे मी नेतोय. घोडा मिळतो का, ते कुणी सांगू नका."