फक्त बघण्यापुरतं

"दादांना कळू द्यायचं नाही. गुपचूप करून टाक," असं म्हणून साहेब चालते झाले. चालते कसले, पळालेच. वाईटपणा घ्यायला मी होतेच की.

काम किरकोळ होतं. आमच्या हॉस्पिटलाचं नेटवर्क चालवणारे राउटर सेटिंग बघायला किंवा बदलायला कुणालाही आत घेण्याआधी एका सर्व्हरला विचारतात. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या अधिकाराचा आकडा असतो. दादा आमच्या विभागातले सगळ्यात जुने, त्यांच्या नावापुढे पंधरा होता, म्हणजे सगळं करायची मुभा. त्या जागी एक टाकायचा होता. एक म्हणजे फक्त बघण्यापुरतं.

साहेबांचंही चुकत नव्हतं. गेल्या आठवड्यात दादांनी राउटरचा भलताच पोर्ट, म्हणजे जोडणीचं तोंड, बंद केला आणि रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. त्यांना विसरण्याचा आजार जडलाय, हे त्यांच्या बायकोने, वहिनींनी, मला फोनवर रडत सांगितलं होतं. दादांनी मात्र ऑफिसात अवाक्षर काढलं नव्हतं. मला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं, आणि आता त्यांचेच हात मी बांधणार होते.

मी एक टाकला. मग लक्षात आलं, दादा तर सकाळपासून ऑपरेशन थिएटरच्या राउटरमध्ये शिरलेले आहेत. जो आधीच आत आहे, त्याला राउटर पुन्हा विचारत नाही. ते बाहेर पडेपर्यंत त्यांचा पंधरा शाबूत होता. माझ्या जागेवरून एका आज्ञेत त्यांना बाहेर काढता आलं असतं, पण हात धजेना.

मी उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. त्यांच्या कीबोर्डचा आवाज झाला की मी वळून बघायचे. पायाला भिंगरी लागलीय का गं, असं त्यांनी विचारलं. मी कसनुसं हसले.

मग त्यांनी समोरच्या यादीतून बंद करायच्या पोर्टचा नंबर मोठ्याने वाचला. थोडं थांबून पुन्हा वाचला, तो वेगळाच. आता मला राहवेना.

"दादा, कीबोर्डवरून हात काढा."

मी सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले ते, वहिनींचा फोन, आणि आकडा मीच बदलला हेही. सांगताना मला रडू आलं. ते पडद्याकडे वळले.

"तपासलंस?"

"काय?"

"बदल केलास ना? मग तो लागू झालाय का, ते कोण बघणार?" कुठल्याही कामात माझ्यावर वैतागायचे तसेच ते वैतागले.

पडद्यावरची राउटरची खिडकी बंद करून ते स्वतःच बाहेर पडले. पुन्हा नाव टाकलं, पासवर्ड टाकला. तो चुकला. डोळे मिटून त्यांनी तो आठवला आणि सावकाश टाकला. आत गेल्यावर सेटिंग बदलायची आज्ञा दिली. राउटरने ती नाकारली. त्यांनी पुन्हा दिली, राउटरने पुन्हा नाकारली.

"बरोबर केलंयस," ते म्हणाले. मग त्यांनी आपली खुर्ची बाजूला सरकवली आणि माझी तिथे ओढून घेतली.

"बस इथे. तुझ्या नावाने आत जा. नंबर मी वाचतो, टाईप तू कर. पण प्रत्येक आकडा यादीशी ताडून बघ. माझ्या भरवशावर राहू नकोस."

ते वाचू लागले.