दुपारची सुई

हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, "सात दिवस रोज दुपारी एक सुई. म्हणजे दुखणार नाही." औषध आपण विकत आणायचं, टोचणारं माणूसही आपणच शोधायचं. आमच्या कोचकोर गावात असंच चालतं. शेजारची बुरमाकान नर्स होती, आता निवृत्त झालीय. ती पैसे घेत नाही. पण घरी आलेल्याने रोटीचा तुकडा मोडल्याशिवाय जायचं नाही, म्हणून टोचून झालं की ती चहाला बसायची.

मग सुनेची गाऱ्हाणी, गुडघे, मेलेली गाय. मी चाळीस वर्षं एकट्याने ट्रक चालवला, कुणाची बडबड ऐकून घेतली नाही. पण बायको गेल्यापासून घरात इतकं बोलणं झालंच नव्हतं. बुरमाकानची बडबड मला आवडायला लागली. खोटं कशाला सांगू?

पाचव्या दिवशी दुखायचं थांबलं. म्हणजे आता सुईही थांबणार, आणि तिचा चहाही.

"कसं आहे, दादा?"

"रात्रभर जीव जातोय नुसता," मी म्हणालो.

सात दिवसांचे चार आठवडे झाले. औषधाला पेन्शन पुरेना, तेव्हा मुलाला सांगितलं. एसेन दूर परदेशात, येकातेरिनबुर्गला इमारतींवर काम करतो. तो पैसे पाठवू लागला. पूर्वी महिन्यातून एकदा फोन करायचा, आता रोज संध्याकाळी करू लागला. मी फोनवर कण्हायचो. लाज वाटायची, पण फोन ठेवल्यावर.

एक दिवस बुरमाकानने टाक्यांच्या जागेवर अंगठा जोरात दाबला. मी ओरडलो, पण जरा उशिरा.

"सोंग करता होय, या वयात? इतक्या सुयांनी मूत्रपिंडं जातील! उद्यापासून सुई बंद."

"मग नुसती चहाला ये."

"एकट्या पुरुषाच्या घरी? गल्ली काय म्हणेल? हातात सुई होती म्हणून येता येत होतं, दादा." तिने उभ्याउभ्याच रोटीचा तुकडा तोंडात टाकला आणि गेली.

संध्याकाळी एसेनचा फोन आला. "दुखायचं थांबलं रे," मी म्हणालो. "आता पैसे नकोत. तू उन्हाळ्यात येणार होतास ना, तेवढा ये."

"तिकिटाचेच पैसे होते ते, बाबा. तिकीट परत केलं. मुकादमाला बर्फ पडेपर्यंत राहतो म्हणून शब्द दिलाय."

खरं सांगावंसं वाटलं, पण "बर्फ पडेपर्यंत?" एवढंच विचारलं.

"जाऊ दे हो, तुम्ही सुटलात एकदाचे! माझा घोर गेला. आता रोज फोन करून त्रास नाही देत तुम्हाला."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीने दोघांचा चहा केला, तो एकट्याने प्यालो. संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसलो. तो वाजला नाही. मी ठणठणीत बरा झालो होतो.