खड्ड्यात उतरण्याचं कारण

ब्रेंडन हॉलिसच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात दोन नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. पहिला: ज्याच्या कथेवर चर्चा चालू आहे त्यानं तोंड उघडायचं नाही. दुसरा: ‘हे खरंच घडलंय’ असं कुणी म्हणायचं नाही, कारण घडलंय म्हणून कथा चांगली ठरत नाही.

इल्डा सिल्वेराचं या नियमांनी डोकं उठायचं. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती आणि त्या बसमध्ये इतरांना गप्प करण्याचा हक्क तिचा एकटीचा होता. निवृत्त झाल्यावर ती गावातल्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी लेखन शिकायला आली ती काही पदवीसाठी नाही. तिला भावाची, दुआर्तेची गोष्ट लिहायची होती. एकवीस वर्षांपूर्वी डेअरीवरच्या शेणाच्या खड्ड्यात रिगो नावाचा कामगार वायूनं बेशुद्ध पडला. दुआर्ते खाली उतरला, त्याला खांद्यावर टाकून शिडीपर्यंत आणलं, वरच्यांनी रिगोला ओढून घेतलं आणि दुआर्ते खालीच राहिला. पेपरात तीन ओळी आल्या. त्यातली एक अशी, की संध्याकाळचं दूध वेळेवर निघालं. दुआर्तेचं नाव कुठेच नव्हतं. कॉलेजचं वार्षिक नियतकालिक मात्र गावात फुकट वाटलं जायचं, म्हणून घरोघर पोचायचं, आणि त्यात या वर्गातली एक कथा छापायचे. दुआर्तेनं काय केलं ते गावानं एकदा वाचावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि हे ठरवणारे कोण, तर झोपायचा पायजमा घालूनच कॉलेजात येणारी पोरं. ट्रिस्टननं एकच कुत्रं तीन कथांमध्ये मारलं होतं, दर वेळी पावसात. आणि या खोऱ्यात पाऊस पडतो कधी? केली प्रत्येक कथेत आरशासमोर उभी राहून स्वतःला ओळखायची नाही. यांना दुःख म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ते कुठे नीट मांडलं नाही हे लगेच कळायचं. हॉलिस तर त्यांचा गुरूच. तीन कॉलेजांत तासांवर शिकवणारा, पुस्तकं गाडीच्या डिकीत, आणि बारा वर्षं एकच कादंबरी लिहीत होता. ती संपत का नाही विचारलं, तर म्हणायचा, ‘‘मी तिला घाई करत नाही.’’

इल्डाची पाळी मार्चमध्ये आली. ती समोर बसलेली असताना चर्चा ‘लेखिकेबद्दल’ चालू झाली, जशी काही ती वारली होती.

‘‘मला तो भाऊ पटलाच नाही,’’ ट्रिस्टन म्हणाला. ‘‘सकाळी त्या माणसाशी झाडाच्या सावलीत गाडी कुणी लावायची यावरून भांडतो, आणि दुपारी त्याच्यासाठी जीव देतो? का?’’

‘‘हो ना,’’ केली म्हणाली. ‘‘कारण काय ते लेखिकेनं सांगितलंच नाही. त्याच्या मनात काहीतरी असणार. अपराधीपणा वगैरे.’’

‘‘नेमकं!’’ हॉलिसनं टेबलावर थाप मारली. ‘‘कुणी असं उगाच उतरत नाही. लेखिकेनं कारण शोधावं. आत्ता आहे ते शोकसभेतलं भाषण आहे.’’

इल्डाचा तिळपापड झाला. सावलीवरून भांडण झालंच होतं. उतरायला कारण एवढंच, की खाली माणूस पडला होता. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तर हॉलिसनं ओठांवर बोट ठेवून हसत फळ्याकडे मान केली.

घरी जाताना ती गाडीतच मोठ्यानं बोलली, ‘‘कारण हवंय काय रे, गाढवांनो? घ्या.’’ आणि चिडून, त्यांची खोड मोडायला म्हणून, तिनं दोन पानं घातली. दुआर्तेचं त्या कामगाराच्या बायकोवर मन होतं. तिच्या हातचं तो स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायचा. ते मनाला खात होतं म्हणून तो उतरला. इतकं स्वस्त कारण तिच्या बसमधल्या तिसरीतल्या पोरीनंही लिहिलं नसतं. वर्ग हसेल आणि आपण काय मागितलं ते यांना कळेल, असं तिला वाटलं.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. केलीच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉलिस म्हणाला, ‘‘बघितलंत? आता हे खरं वाटतं.’’ मूर्खांचा बाजार, असं इल्डा मनात म्हणाली. पण वार्षिकासाठी त्यानं तिचीच कथा निवडली आहे हे ऐकल्यावर तिनं ती मागे घेतली नाही. दुआर्तेचं नाव छापून येणार होतं. रिगोचं नाव तिनं बदलून राऊल केलं, जणू त्या खड्ड्यातून गावानं दोन-चार माणसं वर काढली होती आणि हा त्यातला कोणता ते कुणाला कळणार नव्हतं.

मे महिन्यात वार्षिक वाटलं गेलं. गावातल्या पोर्तुगीज लोकांच्या हॉलमध्ये सणाचं सूप वाढताना बायका तिच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारू लागल्या. आठवड्यानं भर दुपारी रिगो तिच्या दारात आला. साठीचा झाला होता, हातात किराणा दुकानाची पिशवी.

‘‘इल्डाबाई, मला इंग्रजी नीट येत नाही. नातीनं वाचून दाखवलं.’’

‘‘रिगो, ते खोटं आहे. सगळं मी बनवलं. आत तरी या.’’

‘‘माझी बायको, सोकोर्रोपण हेच म्हणते. खोटं आहे म्हणते.’’ तो पायरीवरच उभा राहिला. ‘‘मग लिहिलं का?’’

‘‘त्या वर्गातल्या मूर्खांना पटत नव्हतं म्हणून. तो असाच उतरला, रिगो. तुम्ही पडला होतात, म्हणून.’’

रिगोनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला परवडलं असतं.

‘‘त्या सकाळी मी त्याला आईवरून शिवी दिली होती,’’ तो म्हणाला. ‘‘एकवीस वर्षं रोज विचार करतोय, हा माझ्यासाठी का आला असेल. कधी पटलंच नाही. आता पटलं.’’

‘‘अहो, मी सांगतेय ना! मी त्याची बहीण आहे!’’

‘‘बहीण आहात म्हणूनच झाकताय.’’

त्यानं पिशवीतून एक तसबीर काढून तिच्या हातात दिली. दुआर्तेची, डेअरीची टोपी घातलेली. काचेवर मेणबत्तीच्या काजळीचा थर होता, आणि फक्त चेहऱ्यापुरती काच रोज पुसलेली दिसत होती.

‘‘सोकोर्रोनं ही घरातल्या भिंतीवरून काढू नका म्हणून फार रडारड केली,’’ रिगो म्हणाला. ‘‘तेव्हा तर माझी खात्रीच झाली.’’