देवीच्या ओट्यापाशी बोअरिंग

चूक माझीच होती, आणि ती मी हातात पूजेचं ताट घेऊन केलेली.

आमच्या मिठागराच्या जमिनीवर बिल्डर बावीस मजले उभे करणार होता, त्यात एक घर आमचं. जुनं घर पाडून तीन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही डोंबिवलीत, भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर. माझ्या सासूबाईंनी, गोदाबाईंनी, आपलं गाठोडं अजून सोडलेलं नाही. रोज गाठीखालच्या फटीतून एक लुगडं ओढून काढतात, नेसतात, धुऊन परत तिथूनच आत सारतात. "हितं काय सोडायचा?" म्हणतात. त्यांना डोळे मिटायच्या आधी स्वतःच्या घराचा उंबरा बघायचाय. या हिवाळ्यात पाया पडला नाही तर मध्ये पावसाळा येणार, म्हणजे आणखी एक वर्ष गेलं. ऐंशी पार केलेल्या माणसाला एक वर्ष किती मोठं असतं, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कोणी बोलत नाही.

माती तपासायचं मशीन आलं तेव्हा आम्ही रीत पाळली. जमिनीत लोखंड घालायचं तर नारळ मिठागरातल्या देवीपुढे आणि पहिला घाव तिच्या ओट्यापाशी. मी ताट घेऊन पुढे, मशीन मागे. ओटा उंचावर, कोरडा. खाली खाजणात, खाडीच्या चिखलात, चाकं रुतत होती, म्हणून मशीनवाल्यांनी बाकीची दोन भोकंही तिथेच आसपास उरकली. मीच त्यांना सरबत दिलं. पाहुण्यांना आपण पुढची खोली दाखवतो ना, तसं झालं.

रिपोर्ट आला, चार मीटरवर काळा दगड, म्हणजे पाया उथळ, काम लवकर. माझा मुलगा मयूर पेढे घेऊन आला.

मी सातवी शिकलेली. पण घरात आलेला कागद वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. पेन्सिल घेऊन बसले, अडलं ते मोबाईलवर शोधलं. चार दिवसांनी कळलं. देवी दगडावर बसलीय. पण तिच्यापासून पन्नास पावलांवर, मिठाच्या वाफ्यांत, सासरे बांबू रोवायचे तेव्हा तो नुसत्या हातानं आत जायचा. आणि इमारत वाफ्यांवर येणार होती. देवी बागेत.

रविवारी दुपारी तबेल्यातून चीक आला होता. मी जाड खरवस केला आणि ताट टेबलावर ठेवलं. खरवसात एक अगरबत्ती उभी खोचली, एक लवंग खोचली. शेजारी बटाटा ठेवून त्यातही अगरबत्ती खोचली.

"आज कोणाचा वाढदिवस?" मयूरनं विचारलं.

मी टेबल सावकाश हलवलं. बटाट्यातली काडी जेमतेम हलली. खरवसातली लवंग थरथरली. खरवसातली अगरबत्ती मात्र झुलायलाच लागली.

"बटाटा म्हणजे देवीचा दगड, खरवस म्हणजे आपले वाफे. लवंग बैठं घर, अगरबत्ती बावीस मजले. खाली मऊ आणि खोल गाळ असला की भूकंपाचा लहान धक्का वर येता येता मोठा होतो," मी म्हणाले. "गाळ सावकाश हलतो. उंच इमारतही सावकाश हलते. दोघांची लय जुळली की पाळण्यासारखं होतं. बोटानं ढकललं तरी मोठा झोका."

"आई, तू यूट्यूब बंद कर. इंजिनीअर काय येडे आहेत?"

"येडे नाहीत रे. आपण दाखवलं तेच त्यांनी पाहिलं."

"अगं, कशाला उकरून काढतेस आता?" माझे यजमान परशुराम हळूच म्हणाले. त्यांची नजर गोदाबाईंकडे होती. "पुन्हा बोअरिंग, पुन्हा रिपोर्ट. वर्ष जाईल."

 खरं सांगायचं तर मलाही दमायला झालं होतं. लोकांच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी मागून मागून.

गोदाबाईंनी खरवसातली अगरबत्ती उपटली आणि चमचा घातला.

"त्या सव्वीस जानेवारीला," त्या म्हणाल्या, "गुजरातला भूकंप जाला ना, तवा मी देवीला शेंदूर लावीत व्हते. तुजा आजा खाली बांधावर. धावत आला. बोलला, गोदे, वाफ्यातला पाणी हिंदकलतंय, मना उभा राहवंना. मी बोलले, सकाळीच टाकलीस काय रं मेल्या?"

मयूर हसला.

"मना वर ओट्यावर काय हललाच नाय. दोन दिस मी त्याच्याशी बोलले नाय. मंग टीव्हीवर बघितला." त्यांनी चमचा चाटला. "मानूस गेला, पन मी त्याला कधी बोलले नाय, का तू खरा बोलत व्हतास."

 मयूरनं फोन उचलला आणि वर्तकनगरच्या ऑफिसात बसणाऱ्या सुमितला, बिल्डरच्या इंजिनीअरला, लावला.

"काकू, हे आधी सांगायचं ना," सुमित मला म्हणाला. रागावला नाही, नुसता दमलेला वाटला.

पंधरा दिवसांनी मशीन पुन्हा आलं. वाफ्यांत फळ्या टाकून पुढे नेलं. नारळ या वेळीही देवीपुढेच फोडला, पण ताट मी तिथेच ठेवलं. नळी उभी केली आणि वरून वजन मारायच्या आधीच ती स्वतःच्या भारानं खाली गेली. काळा चिखल वर आला, लोण्यासारखा. मशीनवाले एकमेकांकडे बघत राहिले.

गोदाबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"लागला काय गं दगड?"

"नाही आई."

जेवणानंतर पुन्हा विचारलं. तेव्हाही नाही. तो लागला उन्हं उतरताना, एकोणीस मीटरवर. सुमित म्हणाला, आता पाया, नकाशे, सगळं नव्यानं. पावसाळ्याच्या आत नाही होणार.

 घरी, तीन जिने चढून आल्यावर गोदाबाईंनी गाठोडं पलंगावर ठेवलं आणि गाठ सोडायला घेतली. तीन वर्षांची गाठ. नखांनी सुटेना. मी पुढे झाले तर हात झटकला.

"कल्पे," त्या म्हणाल्या, "कपाटान एक फली रिकामी कर."